ओळख नको, अर्ज द्या

सकाळी ८.१५

मिरजेहून सांगलीकडं जाणारी सिटी बस विश्रामबागला आली की निम्मी रिकामी होते. विलिंग्डन आणि वालचंद कॉलेजची पोरं उतरतात, बँकांतले लोक उतरतात आणि त्यांच्यामागून प्लॅस्टिकच्या पिशवीत एक्स-रे सांभाळत दुखणेकरी उतरतात. कुणी जतचं, कुणी आटपाडीचं, कुणी पलीकडच्या अथणी-कागवाडचं. सर विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल उभं केलं, तेव्हापासून आजारी माणसाला या पट्ट्याची वाट ठाऊक आहे. आज सांगली-मिरज रस्त्यावर दवाखान्यांची रांगच लागली आहे.

त्यातल्याच एका खासगी हॉस्पिटलात मी मेडिकल रेकॉर्ड ऑफिसर आहे. पेशंट घरी जातो आणि त्याची फाईल आमच्याकडं येते. तो बरा होवो, न होवो, जगो वा जावो, फाईल राहते. पत्ता, व्यसन, बाळंतपणं, पडलेला गर्भ, झोपेच्या गोळ्या, 'घरात पाय घसरून पडले' असं सांगणाऱ्या बाईच्या पाठीवरचे वळ, सगळं त्यात असतं. डॉक्टरला शपथ असते, परवाना असतो आणि तो काढून घेणारी कौन्सिलही असते. बॉस्टनच्या ग्रेस व्हाइटिंग मायर्स यांच्या पुढाकारानं अमेरिकेत १९२८ मध्ये रेकॉर्ड सांभाळणाऱ्यांची संघटना झाली आणि १९५७ मध्ये त्यांनी स्वतःसाठी आचारसंहिता लिहून काढली. आपल्याकडं २०२१ च्या कायद्यानं आरोग्याची माहिती सांभाळणाऱ्यांना पेशा म्हणून यादीत घेतलं. पण रॅकपाशी शिडीवर चढून फाईल काढणाऱ्या पोराला हे कुणी सांगितलेलं नसतं. नवा मुलगा आला की पहिल्या दिवशी मी त्याला कुलपाची किल्ली दाखवत नाही. बाहेर बाकावर बसलेली माणसं दाखवते आणि सांगते, तुझ्या हातात यांची अब्रू आहे.

८.३०

काल डिस्चार्ज झालेल्या फाईली वॉर्डातून येतात. आधी रजिस्टरशी मेळ घालायचा. जेवढे पेशंट घरी गेले तेवढ्या फाईली आल्याच पाहिजेत. एक जरी कमी असेल तरी ती सापडेपर्यंत दुसरं काम नाही. मग पान अन् पान लावायचं. ॲडमिशनचा कागद, संमतिपत्र, डॉक्टरांच्या नोंदी, सिस्टरांच्या नोंदी, तापाचा तक्ता, औषधांचा तक्ता, लॅबचे रिपोर्ट, ऑपरेशनची नोंद, भुलीची नोंद, शेवटी डिस्चार्ज कार्ड. कुठं सही नाही, कुठं वेळ नाही, कुठं दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट चुकून लागलाय, हे सगळं या टेबलावर उघडं पडतं.

आज एका फाईलपाशी मी थांबले. कागवाडकडच्या एका बाईंचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना कन्नडशिवाय काही येत नाही, हे सिस्टरांनीच नोंदीत लिहिलं होतं. संमतिपत्र मात्र मराठीत होतं. बारीक अक्षरातलं छापील पान, खाली निळ्या शाईचा अंगठा आणि 'मला सर्व समजावून सांगितले आहे' या ओळीपुढं बरोबरची खूण. कुणी सांगितलं, कोणत्या भाषेत सांगितलं, दुभाषा कोण होता, काहीच नाही. साक्षीदाराचा रकाना कोरा. ऑपरेशन छान झालं होतं, बाई आनंदानं घरी गेल्या होत्या. तरीही हा कागद खोटा होता. त्यावर लिहिलेली गोष्ट घडलीच नसावी.

अशा वेळी सोपा रस्ता एकच असतो. वॉर्डातल्या कन्नड जाणणाऱ्या एखाद्या आयाबाईंची सही आज घेऊन रकाना भरून टाकायचा. तसं करायचं नाही. फाईलवर त्रुटीची चिठ्ठी लावली, रकाना कोराच ठेवला, आणि सीमेवरचे पेशंट रोज येत असताना कन्नड संमतिपत्राचे फॉर्म वॉर्डात का नाहीत, असं पत्र मेट्रन मॅडमना दिलं. गेलेली वेळ भरून काढता येत नाही. पुढच्या बाईला तिच्या भाषेतला कागद मिळाला तर तेवढं पुरे.

९.४५

एक तरुण सर्जन आले. "मॅडम, कालची ती फाईल पाच मिनिटं देता का? एक नोंद राहिलीय."

नोंद राहणं हा काही गुन्हा नाही. रात्रभर ड्यूटी केलेल्या माणसाकडून राहते. पण त्या फाईलमधल्या पेशंटचे नातेवाईक कालपासून कुरकुर करताहेत, हे मलाही माहीत होतं आणि डॉक्टरांनाही. फाईल खोलीबाहेर जाणार नाही, इथं टेबलावर बसा, असं मी म्हटलं. ते बसले. इंजेक्शन रात्री दोनला दिलं होतं, लिहायचं राहून गेलं होतं. तक्त्यात दोन ओळींमध्ये जागा होती. तिथं बारीक अक्षरात बसवता आलं असतं.

"सर, तिथं नको. शेवटच्या नोंदीच्या खाली लिहा. 'उशिरा केलेली नोंद' असं आधी लिहा, आजची तारीख, आत्ताची वेळ, मग काय राहिलं ते, आणि सही."

"ते जास्तच डोळ्यात येईल ना?"

"येऊ दे की."

आमच्या खोलीत व्हाइटनर आणायला बंदी आहे. चुकलेल्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि वेळ टाकायची. मागाहून घुसवलेली ओळ कोर्टात शाईवरून, अक्षराच्या दाटीवरून आणि सिस्टरांच्या तक्त्याशी ताडून पकडली जाते. ती एकदा पकडली गेली की त्या फाईलमधल्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. पण मला यापेक्षा मोठं कारण वाटतं ते वेगळं आहे. उद्या हाच पेशंट दुसऱ्या दवाखान्यात गेला तर तिथले डॉक्टर या तक्त्यावर भरवसा ठेवून पुढचा डोस ठरवतील. ही नोंद त्यांच्यासाठी आहे. डॉक्टरांनी सांगितलं तसं लिहिलं. जाताना 'थँक्यू मॅडम' म्हणाले, आणि ते मनापासून होतं असं मला वाटलं.

१०.३०

खिडकी उघडते. नकला मागणाऱ्यांची रांग आधीच लागलेली असते.

पहिले आजोबा जत तालुक्यातले. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. बायको आठ महिन्यांपूर्वी इथंच गेली. विम्याच्या कंपनीला सगळी फाईल हवी होती. खिडकीपाशी येऊन ते काहीच बोलेनात. मग हळूच म्हणाले, "मॅडम, माझी हितं कुणाशी वळख न्हाई."

"ओळख कशाला हवी? अर्ज द्या."

त्यांचा विश्वास बसला नाही. मृत्यूचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्ड सगळं त्यांनी आणलं होतं. अर्ज तेवढा नव्हता, कारण अर्जानं काम होतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. याआधी एका दवाखान्यात त्यांनी एका रिपोर्टसाठी इतके हेलपाटे घातले होते की, तिथल्या कुणाला तरी गाठल्याशिवाय कागद मिळत नाही, हेच त्यांनी धरून ठेवलं होतं. आमच्या मुलानं अर्ज लिहून दिला, त्यांनी सही केली, झेरॉक्सचे पैसे भरले, मी तारीख-वेळ घालून पोच दिली.

२००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. दाखल झालेल्या पेशंटची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं ठेवायची. पेशंटनं, त्यानं नेमलेल्या माणसानं किंवा कायद्यानं अधिकार असलेल्या कुणी मागितली तर पोच द्यायची आणि ७२ तासांत कागद द्यायचे. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयानं रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात सांगितलं होतं की, गुप्ततेचं नाव सांगून दवाखान्यानं पेशंटला किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकाला केसपेपरच्या नकला नाकारू नयेत, हवं तर नकलेचा खर्च घ्यावा. म्हणजे निकाल होऊन पाव शतक उलटलं. तरीही जतचा एक म्हातारा माणूस स्वतःच्या बायकोचे कागद मागताना अंग चोरून उभा राहतो, याचा मला फार राग येतो.

बिल थकलंय म्हणून कागद अडवून धरायचे, हाही प्रकार सर्रास चालतो. नियमात बिलाची अट कुठंच नाही. पैशाचं भांडण पैशाच्या वाटेनं करावं. कागद अडवला तर अडतो तो उपचार. माणूस दुसऱ्या डॉक्टरकडं रिकाम्या हातानं जातो आणि तिथं त्याच तपासण्या पुन्हा पैसे भरून होतात.

नकला वेळेवर देण्याचं मोल या शहराला पुरानं शिकवलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या घरांतून कपाटं वाहिली, त्यात डिस्चार्ज कार्डं, सोनोग्राफ्या, केमोथेरपीच्या वह्या गेल्या. विश्रामबाग उंचावर, म्हणून इकडचे रॅक कोरडे राहिले. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाच्या चपलांनी या खिडकीपाशी आले. त्यांच्या आजाराचा एकमेव पुरावा आमच्याकडं उरला होता. ज्यांना पुढचं इंजेक्शन कधीचं हेही आठवत नव्हतं, त्यांना आम्ही फाईल उघडून तारीख सांगितली. रेकॉर्ड रूम तळघरात करू नका, असं मी प्रत्येक नव्या हॉस्पिटलच्या मालकाला सांगते ते यासाठीच.

रांगेतल्या एकाला मात्र आज परत पाठवावं लागलं. मेव्हण्याची फाईल हवी होती. मेव्हणा जिवंत, शुद्धीवर, गावातच. "त्यानंच पाठवलंय मला." असेलही. त्याच्या सहीचं पत्र आणि ओळखपत्राची नक्कल घेऊन या, लगेच देते. ते चिडले. घरातल्या माणसाला कसलं पत्र, म्हणाले. शेताच्या वाटणीच्या भांडणात दारूच्या नोंदी किती उपयोगी पडतात, हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांच्या मनात तसं काही नसेलही. मी कुणाच्या मनात शिरत नाही, सही मागते.

१२.१०

फोन. आवाज ओळखीचा. विश्रामबागेत ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशांपैकी एक अण्णा. आधी तब्येतीची चौकशी, मग माझ्या मुलीच्या परीक्षेची, मग मुद्दा.

"ताई, आमच्या पुतणीला एक स्थळ आलंय. पोरगं चांगलं आहे. पण दोन वर्षांमागं तुमच्याकडं ॲडमिट होतं म्हणं. कशासाठी ते नका सांगू. होतं का नव्हतं, तेवढंच सांगा."

सांगलीसारख्या गावात फाईलला खरा धोका असतो तो या फोनचा. दिल्लीच्या एम्सवर नोव्हेंबर २०२२ मध्ये सायबर हल्ला झाला, दोन आठवड्यांच्या आसपास तिथला कारभार कागदावर चालवावा लागला, त्याची चर्चा देशभर झाली. या फोनची चर्चा कुठं होत नाही, कारण यात कुणी चोर नसतो. अण्णा भला माणूस आहे. पुतणीचं वाईट होऊ नये एवढीच त्याची इच्छा. आणि नाही म्हणणं जड जातं, कारण उद्या त्याच रस्त्यावर, त्याच लग्नात, त्याच गणपतीच्या आरतीला आम्ही समोरासमोर येणार. भीड भिकेची बहीण म्हणतात. रेकॉर्ड रूममधली भीड दुसऱ्याला भिकेला लावते.

'होता' एवढंही सांगता येत नाही. होता म्हटलं की कशासाठी हे उरलेलं शहर जोडून घेतं. 'नव्हता' म्हणून एकाला सुटका दिली, तर पुढच्या वेळी माझं गप्प राहणं हाच होकार ठरतो. म्हणून प्रत्येकाला एकच उत्तर: इथं कोण होतं, कोण नव्हतं, हे आम्ही कुणाला सांगत नाही.

या बाबतीत सांगली जिल्ह्याचा इतिहास दुखरा आहे. एचआयव्हीनं हा जिल्हा फार होरपळला. मीना शेषू यांच्या 'संग्राम' संस्थेनं १९९२ मध्ये वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर सांगलीत काम सुरू केलं, तेव्हा आजाराइतकीच भीती आजाराच्या बातमीची होती. त्या काळी बऱ्याच ठिकाणी फाईलच्या तोंडावरच शिक्का मारत किंवा खाटेला पाटी लावत. वॉर्डात झाडू मारणाऱ्यापासून भेटायला आलेल्या शेजाऱ्यापर्यंत सगळ्यांना कळायचं. घरातून हाकललेल्या, शाळेतून काढलेल्या पोरांच्या गोष्टी या जिल्ह्यातल्या जुन्या लोकांना आठवतात. त्यातल्या किती गोष्टींची सुरुवात एखाद्या फाईलच्या कव्हरपासून झाली असेल, हा प्रश्न मी मनातून काढू शकत नाही.

लग्नाचा प्रश्न कोर्टातही जाऊन आला आहे. दवाखान्याकडून एचआयव्हीची गोष्ट बाहेर गेल्यानं लग्न मोडलेल्या एका माणसाचा दावा १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टानं फेटाळला होता. होणाऱ्या बायकोच्या जिवाला धोका असताना गुप्ततेचा हक्क अडून बसत नाही, असं कोर्टाचं म्हणणं. तो विचार मला पूर्ण खोडता येत नाही. पुतणीचा जीवही जीवच आहे. म्हणूनच २०१७ चा एचआयव्ही कायदा मला महत्त्वाचा वाटतो. १० सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. माणसाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती सांगायची नाही, आणि जोडीदाराला सावध करायची वेळ आलीच तर ते डॉक्टरनं किंवा समुपदेशकानं, त्या माणसाला आधी समजावून, ठरवून दिलेल्या अटींनी करायचं. फोनवर करायचं नाही. रेकॉर्डवालीनं तर नाहीच. मनाच्या आजाराच्या फाईलींनाही २०१७ च्याच मानसिक आरोग्य कायद्यानं असंच संरक्षण दिलं आहे.

अण्णांना मी म्हटलं, "अण्णा, उद्या कुणी पुतणीबद्दल विचारलं तरी मी हेच सांगणार." ते गप्प झाले. मग मी सुचवलं, लग्नाआधी दोघांची तपासणी करून घ्या, दोन्ही घरांनी मिळून. एचआयव्हीची तर सिव्हिलला मोफत होते, समुपदेशक बसलेले असतात. मुलाला समोर बसवून विचारा. जे त्यानं सांगायचं आहे ते त्याच्या तोंडून ऐका.

अण्णांनी फोन ठेवला. नाराज होते. दोन-चार महिने राहतील.

दुपारी १.३०

जेवण. डबा खाताना पेशंटबद्दल बोलायचं नाही, लिफ्टमध्ये नाही, बसस्टॉपवर नाही. नाव न घेताही नाही, कारण 'ते सूतगिरणीवाले' एवढं म्हटलं तरी इथं घर कळतं. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे पहिले चार पेशंट सापडले आणि बघता बघता एकाच घराभोवतीचा आकडा पंचवीसवर गेला. सारं राज्य त्या गावाकडं बोट दाखवायला लागलं. त्या दिवसांत गावोगाव पॉझिटिव्ह लोकांच्या नावापत्त्यांच्या याद्या मोबाइलवर फिरल्या. प्रत्येक यादी कुठल्या ना कुठल्या टेबलावरूनच निघाली होती. म्हणून आमच्या खोलीत काम करताना मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवतात. तरुण पोरांना हे जाचक वाटतं, पण ते ठेवतात.

२.१५

पोलीस. हवालदार भले आहेत, नेहमीचे. मारामारीतल्या एका जखमीची फाईल हवी आहे. "साहेबांनी तोंडी सांगितलंय, घेऊन ये म्हणून."

पत्र लागतं. गुन्ह्याचा नंबर, कलम, कोणते कागद हवेत ते आणि अधिकाऱ्याची सही-शिक्का. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ९४ लागतं, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं ९१ होतं. लेखी मागणी आली की आम्ही अडवणूक करत नाही. पानांना नंबर घालून, प्रत्येकावर शिक्का मारून नकला देतो. मूळ फाईल न्यायचीच असेल तर पावती घेतो आणि संपूर्ण नक्कल आमच्या रॅकवर ठेवतो. मेडिको-लीगल फाईली वेगळ्या कपाटात, कुलपात असतात.

त्यातही अत्याचार झालेल्या बाईची किंवा मुलाची फाईल आणखी आत. बाहेर फक्त नंबर. त्या नावाची वाच्यता करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तो गुन्हा नसता तरी आम्ही हेच केलं असतं. अशा फाईलीच्या नकला मी स्वतः काढते, झेरॉक्सच्या काचेवर पान विसरलं नाही ना, हे दोनदा बघते.

३.१५

खोलीच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट आहे. त्याची किल्ली दोघांकडंच. त्यात दोन कायद्यांचे कागद दोन कप्प्यांत आहेत.

वरच्या कप्प्यात सोनोग्राफीचे एफ फॉर्म. गर्भलिंग निदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यानं प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीमागं हा फॉर्म भरायचा, महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडं द्यायचा. तपासणीला आले तर प्रत्येक पान दाखवायचं. एखादा रकाना कोरा राहिला तरी कायद्याचा भंग धरतात. हे फार कडक आहे, अशी डॉक्टरांची तक्रार होती, पण २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ही तरतूद कायम ठेवली. कारकुनी चुकीला एवढी शिक्षा कशाला, असं मलाही कधीकाळी वाटायचं. मग म्हैसाळ घडलं.

मार्च २०१७. इथून जवळच, मिरज तालुक्यातलं कर्नाटकच्या हद्दीलगतचं गाव. बेकायदा गर्भपातात एक तरुण विवाहिता गेली, तिच्या मृत्यूची चौकशी सुरू झाली, आणि ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस भ्रूण सापडले. दवाखाना एका होमिओपॅथीच्या डॉक्टरचा. त्या आठवड्यात सांगली-मिरजेतल्या कुठल्याच दवाखान्यात कुणाला धड जेवण गेलं नाही. मी रेकॉर्डवाली म्हणून एकच गोष्ट बघत होते. ते एकोणीस जीव कुठल्याही कागदावर नव्हते. नोंद नाही म्हणजे बाई नाही, गर्भ नाही, गुन्हाही नाही. ती विवाहिता मेली नसती तर शेवटपर्यंत काहीच नसतं. कोरा रकाना ही नुसती कारकुनी चूक नसते, हे मला त्या ओढ्यानं शिकवलं.

आणि खालच्या कप्प्यात नेमकी उलट आज्ञा. १९७१ च्या कायद्याखाली झालेल्या वैध गर्भपातांचं रजिस्टर. ते गुप्त दस्तऐवज आहे. पाच वर्षं ठेवायचं. संमतिपत्र आणि डॉक्टरांचं मत बंद पाकिटात, पाकिटावर 'गुप्त', आणि इतर कुठल्याही कागदावर त्या बाईचं नाव घालायचं नाही, फक्त अनुक्रमांक. २०२१ च्या दुरुस्तीनं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला वर्षापर्यंत कैद ठेवली आहे. नवरा आला तरी नाही. सज्ञान बाईच्या संमतीत कायद्यानं नवऱ्याची सही मागितलेलीच नाही. सासू आली तरी नाही. बायका आडबाजूच्या दवाखान्यात जातात त्या कायद्याला घाबरून नव्हे, बातमी फुटेल या भीतीनं. हा कप्पा जितका घट्ट बंद राहील, तितक्या कमी बायका म्हैसाळच्या वाटेला लागतील, अशी माझी पक्की समजूत आहे.

४.३०

विम्याचं काम. एका पेशंटचा मुलगा डिस्चार्ज कार्ड घेऊन आला. त्यावर 'मधुमेह, सहा वर्षांपासून' असं लिहिलं आहे. पॉलिसी चार वर्षांची. "मॅडम, सहाचे तीन करा की. वडलांनी अंदाजानं सांगितलं होतं." घरची परिस्थिती दिसत होती. कंपनीवाले कागदातली एक ओळ धरून गरिबाचा क्लेम फेटाळतात, हेही मला ठाऊक आहे. तरी आकडा बदलणं माझ्या हातात नाही. वडलांनी चुकीचं सांगितलं असेल आणि जुने रिपोर्ट असतील तर ते डॉक्टरांना दाखवा. ते तपासून नव्या तारखेनं खुलासा लिहून देतील, तो मी फाईलला जोडते. जुनी ओळ तशीच राहील. त्याच्याकडं तीन वर्षांपूर्वीचे नॉर्मल रिपोर्ट खरंच निघाले. उद्या डॉक्टरांची वेळ दिली.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या फाईलींत आजाराचा कोड घालताना हीच कसोटी असते. जास्त पैशाच्या पॅकेजचा कोड शेजारीच असतो. जे झालं त्याचाच कोड.

५.१५

कॉम्प्युटरवर कुणी कोणाची फाईल उघडली, याची यादी बघते. बाहेरचे लोक काय पाहतील ते पुढचं, आधी आतल्यांवर लक्ष. आपल्याच सहकाऱ्याची बायको ॲडमिट झाली की काळजीपोटी चार जण तिचे रिपोर्ट उघडून बघतात. काळजी खरी असते. पण तिच्यावर उपचार करत नसाल तर बघायचं नाही. आज एक नाव सापडलं, त्याला बोलावून एकट्यात सांगितलं.

६.००

मुदत संपलेल्या फाईली. तीन वर्षं हा किमान नियम, आम्ही त्याहून पुष्कळ जास्त ठेवतो, लहान मुलांच्या ती सज्ञान होऊन काही वर्षं जाईपर्यंत, आणि कोर्टात असलेल्या कधीच काढत नाही. उरलेल्यांची यादी व्यवस्थापनाच्या सहीनं मंजूर होते, मग त्या मशीनमध्ये घालून बारीक करतात. मी स्वतः उभी राहते. कारण सांगलीत भडंगाची पुडी उलगडली आणि आत कुणाचा तरी लघवीचा रिपोर्ट, नाव-वयासकट, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. रद्दीवाला किलोमागं चार पैसे जास्त देतो म्हणून कुणाचं दुखणं बाजारात नेऊन ठेवायचं नाही.

६.५०

किल्ल्या रात्रीच्या मुलाकडं द्यायची वेळ. रजिस्टरमध्ये सही चालली होती, तेवढ्यात कॅज्युअल्टीतून सिस्टर धावत आल्या. छातीत दुखतंय म्हणून एक गृहस्थ आलेत, बोलता येत नाही, बायको म्हणते दोन वर्षांपूर्वी इथंच ॲडमिट होते. जुना ईसीजी पाहिजे.

नाव, गाव. मुलगा शिडीवर चढला. तो खाली येईपर्यंत मी कॉम्प्युटरवरून नंबर काढून ठेवला होता. त्यानं फाईल हातात धरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, अर्ज?"

"उपचार करणाऱ्या डॉक्टरला अर्ज लागत नाही. पळ."

तो पळाला. मी बाहेर गेलेल्या फाईलच्या जागी कार्ड लावलं आणि त्यावर लिहिलं: कॅज्युअल्टी, ६.५४. मग रजिस्टर त्याच्या टेबलावर उघडं ठेवलं, म्हणजे परत आल्यावर त्याला सही करता येईल.